म्हैसूरच्या नामाचं पान

म्हैसूरला निघाले तेव्हा साताऱ्यात भेटेल त्याने बजावलं, राजवाडा बघा, दिवे लागले की बघा. मी राजवाडा पाहिला नाही. रिक्षातून दोनदा दिसला, तेवढा पुरला. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, म्हणजे राजवाडेच शिकवले. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता राजे पुरे, त्यांच्या दाराशी उभे राहणाऱ्यांकडे बघायचं.

श्रीलंकेत यादवी युद्ध पेटलं होतं तेव्हा आपली शांतिसेना तिकडे गेली होती. आमच्या गावची आणि आजूबाजूच्या वाड्यांची बरीच मुलं तिच्यात होती. ती मुलं आता आजोबा झाली आहेत आणि मी त्यांच्या ओट्यावर बसून एका पुस्तकासाठी त्यांच्या आठवणी गोळा करते. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे कोणी मध्ये लुडबुडही करत नाही आणि काम झकास चाललं आहे.

या सगळ्या आजोबांच्या बोलण्यात एक माणूस हटकून यायचा. म्हैसूरचा नामा. शिंप्याचा पोरगा, पलटणीतल्या सगळ्यांचे फाटके कपडे शिवून द्यायचा. मराठी बोलायला लागला की बाकीचे हसायचे. सुट्टीवरून येताना घरचे कडक, चपटे, तिखट वडे डबाभर आणायचा आणि तो डबा पहिल्याच दिवशी फस्त व्हायचा. त्याच्या शेवटाबद्दल मात्र सगळ्यांचं बोलणं एकाच ठिकाणी थांबायचं. एका गावातून माघारी येताना सगळ्यांत मागे दोघं होते, नामा आणि त्याच्याच मुलखातला बन्नूरचा शिवा. शिवा आला. नामा आला नाही. पुढचं शिवालाच ठाऊक.

दिवस पितृपंधरवड्याचे होते. या दिवसांत प्रवासाला निघू नये म्हणतात. मी म्हटलं, गेलेल्यांचीच चौकशी करायची आहे, याहून चांगला मुहूर्त कोणता मिळणार?

विठ्ठलाच्या देवळाची गल्ली

म्हैसूरच्या जुन्या वस्तीत विठ्ठलाचं एक देऊळ आहे आणि त्याच्या आजूबाजूला आपल्या मराठी शिंप्यांची घरं. कित्येक पिढ्यांपासून ते तिथले आहेत. देवळाच्या धर्मशाळेत मला खोली मिळाली. दसरा तोंडावर आला होता, त्यामुळे गल्लीत प्रत्येक दाराआड मशीन चालू होती आणि उंबऱ्यांवर रंगीत चिंध्या पडल्या होत्या.

मी देवळात बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "लष्करात होता त्या नामदेवचं घर कुठलं?" नुसतं नामदेव म्हणून हाक मारली असती तर निम्मी गल्ली वळून बघती. विठ्ठलाची माणसं, दुसरी नावं ठेवणार तरी कोणती?

"लंकेला गेला तो, अल्वा?" ते म्हणाले. हे 'अल्वा' म्हणजे आपलं 'हो ना', तिथल्या मराठीत प्रत्येक वाक्याच्या शेपटाला असतं. "त्याची अक्का तिथं हाय बघा. निळं दार."

निळ्या दाराआड रुक्मक्का मशीनवर बसल्या होत्या. नामाची थोरली बहीण, वय सत्तरीच्या आसपास, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी पायडल थांबवलं नाही.

"बसा की टीचर. कॉफी घेणार, अल्वा? आमचं मराठी ऐकून हसायचं नाही पण. आमचे मोठे येताना चांगलंच आणले हुते. मत्ते इथलं पाणी पडत गेलं त्यात."

मी हसले नाही. उलट ऐकत राहावंसं वाटलं. 'मत्ते' म्हणजे 'मग'. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कानडीत घरी पोचायचं. सून सुमा कॉफी घेऊन आली. ती कुठल्याशा कचेरीत नोकरी करते, कानडी घरातली आहे, मराठी तिला समजतं पण बोलताना लाजते. कॉफी मात्र अशी होती की आमच्याकडच्या चहाबद्दल मी त्या दिवसापुरतं काही बोलायचं नाही असं ठरवलं.

भिंतीवर तीन फोटो होते. आईवडिलांच्या फोटोंना हार होते. तिसरा गणवेशातला, मिशी नुकती फुटलेला, हसू दाबून उभा असलेला. त्याला हार नव्हता.

मी काही विचारण्याआधीच बाहेर धाडकन आवाज झाला. खिडकीची काचच हलली. माझ्या हातातली कॉफी अर्धी साडीवर आली. पाठोपाठ दुसरा बार झाला, मग तिसरा. रुक्मक्का शांतपणे दोरा ओढत होत्या.

"भ्यायचं नाही. तोफा हायत. दसऱ्याला उडवतेत, तवा आने बिचकू नये म्हणून आत्तापासून ऐकवतेत." आने म्हणजे हत्ती. "कोटेच्या जंगलाकडनं आणतेत त्यास्नी. घोड्यास्नी पण ऐकवतेत. सवय झाली की मगच मिरवणुकीला नेतेत." मग त्यांनी फोटोकडे पाहिलं. "आनेला किती जपतेत बघा. आमच्या नामाला असं कोण ऐकवलं हुतं?"

त्यांनी मग हाराचं सांगितलं. देह सापडला नाही म्हणून सरकारने नामाला आधी बेपत्ता ठरवलं, काही काळाने मृत धरलं, आईला पेन्शन सुरू झाली. आईने पेन्शन घेतली, पण पितरांत त्याचं पान वाढलं नाही. ती म्हणायची, "कागदाला डोळे हायत काय? ज्यानं बघितलं त्यानं येऊन सांगू दे, मग वाढते." जिवंत माणसाचं पान पितरांत पडलं तर तो परत कसा येईल, असं तिचं साधं म्हणणं. वाट बघतच ती गेली.

"मला पण तसंच ठेवून गेली," रुक्मक्का म्हणाल्या. "मी तरी कसं वाढू? आणि कुठल्या दिवशी वाढू?"

हा दिवसाचा प्रश्न ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंधरवड्यात ज्याचं पान त्याच्या तिथीला. पण जो शस्त्राने गेला त्याचं पान चतुर्दशीला, तो कोणत्याही तिथीला गेलेला असो. आमच्याकडे तिला घातचतुर्दशी म्हणतात. आणि जो कधी, कसा गेला हेच ठाऊक नाही त्याचं दुसऱ्या दिवशी, अमावास्येला, सगळ्यांच्या बरोबर. साताऱ्यात काय आणि म्हैसुरात काय, यात फरक नाही.

"आता मला दिसत नाही नीट," त्या म्हणाल्या. "सुईत दोरा सुमा घालून देते. मी गेल्यावर हिला कोण नामा? सणाला त्याचं ताट नाही, पितरात त्याचं पान नाही. मध्येच उभा हाय तो. सुटलेल्या बसची वाट बघत उभा असल्यासारखा."

मी म्हटलं, "रुक्मक्का, मी बन्नूरला जाणार आहे. नामाबरोबर शेवटी जो होता तो शिवा तिथला आहे."

मशीन थांबली.

"बन्नूरचा एक आला हुता," त्या म्हणाल्या. "लई वर्षं झाली. आई कॉफी दिली त्याला. सुम्ने बसला, सुम्ने गेला. काही बोलला नाही. तो काय?"

"तोच असणार."

"आणा त्याला," त्या म्हणाल्या. "चतुर्दशीच्या आत आणा."

कामाला लागताना माझ्या मनात शंका येत नाही, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, आणते.

बन्नूर

म्हैसूरहून बन्नूरला बस सारख्या असतात. दोन्हीकडे ऊस, मध्ये भात, परत ऊस. कालव्याचं पाणी बघून आमच्याकडच्या माणसाला जरा मत्सर वाटतोच, मलाही वाटला. स्टँडवर "मिलिटरी शिवण्णा" एवढं म्हणताच तिघांनी तीन बाजूंना हात केले आणि चौथ्याने नेऊन पोचवलं.

शिवण्णा त्यांच्या गुऱ्हाळावर होते. उंच, वाळलेले, पांढरी मिशी अजून लष्करी. मी मोडक्या हिंदीत सुरुवात केली, साताऱ्याहून आले म्हणाले, तर त्यांचा चेहराच बदलला.

"साताऱ्याच्या व्हय? मग आदी सांगायचं न्हाई का. बसा बसा. च्या घेताय का रस?"

मी बघतच राहिले. म्हैसुरातल्या मराठी घरात मराठी कानडीच्या अंगाने चालत होतं आणि इथे बन्नूरचा कानडी शेतकरी थेट आमच्या वाडीतलं बोलत होता. पलटणीत शिकलेलं, आमच्याच पोरांकडून. शिव्यासुद्धा आमच्याच निघाल्या, मोजक्या आणि जागच्या जागी. त्या पोरांची एकेक खबर मी त्यांना दिली. कोण आहे, कोण गेला, कोणाला नातवंडं झाली. ते प्रत्येक नावाला मान हलवत होते.

दुपारी त्यांच्या बायकोने जेवायला बसवलं. पानात नाचणीचा वाफाळता मोठा गोळा, मुद्दे, आणि शेजारी पातळ सारु. मी भाकरीसारखा घास मोडला आणि चावायला लागले. तो दातांना, टाळूला, जिभेला असा चिकटला की बोलायचीही सोय राहिली नाही. नवराबायको दोघंही तोंड फिरवून हसली. मुद्दे चावायचं नसतं. घास सारात बुडवायचा आणि गिळायचा. "पलटनीत मी भाकरी गिळायला बगायचो," शिवण्णा म्हणाले, "तवा तुमची पोरं अशीच हसायची." आमच्या पोरांचा हिशोब माझ्यावर चुकता झाला.

जेवल्यावर ते लंकेबद्दल बोलले. ताडांच्या रांगा, गोड्या पाण्याच्या विहिरी, लाल मातीचे रस्ते. सुरुवातीला गावातली माणसं नारळ आणून द्यायची. नामाला तमिळ थोडं यायचं, म्हैसुरात शेजारी तमिळ होते म्हणून. एका बाईची शिवणाची मशीन बंद पडली होती, ती त्याने खोलून चालू करून दिली. मग काय, गस्तीला गेलं की त्या गावात बायका विचारायच्या, टेलर आला का?

"नंतर त्याच बाया दारं लावून घ्यायला लागल्या," ते म्हणाले. "त्यांची चूक न्हाई. दोन भावांच्या भांडणात शेजारी शिरला की दोगं मिळून त्यालाच बदडत्यात. आमी शेजारी. भांडण सोडवायला गेलो आन् आमच्याच हातात बंदुका. नामा म्हनायचा, शिवा, फाटलंय ते लई मोठं हाय, आपला दोरा पुरायचा न्हाई."

मग मी शेवटच्या दिवसाबद्दल विचारलं.

"ते सोडून इचारा, म्याडम."

"पुस्तकात घालणार नाही."

"पुस्तकासाठी न्हाई म्हनत न्हाई मी. घाला की. पन तोंडातनं निगत न्हाई." ते उसाच्या चिपाडांकडे बघत होते. "सायबांना सांगितलं तेवडं एकदा. नंतर त्याच्या घरी गेल्तो, आईला सांगायला. मनात सगळं जुळवून गेल्तो. तिनं कॉफी दिली. काय इचारलंच न्हाई. जाताना म्हनली, नामा आला की दोगं मिळून जेवायला या. आता सांगा, मी काय बोलनार? म्हैसूरला सारखा जातो. बाजार म्हैसूरचाच. पन त्या गल्लीत परत पाय ठिवला न्हाई."

मी आईचं सांगितलं. आई गेल्याचं, पान न पडल्याचं, हार नसल्याचं. चतुर्दशी आणि अमावास्येचं सांगितलं. ते त्यांना नवीन होतं. त्यांच्याकडे सगळ्या पितरांचं अमावास्येलाच असतं.

"तुम्ही सांगितल्याशिवाय त्याचं पान पडणार नाही, शिवण्णा. आणि रुक्मक्कांचे डोळे जात चाललेत."

ते उठले आणि कढईतला गूळ ढवळायला गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बराच वेळ थांबून मी बसला निघाले. परतीच्या वाटेवर ऊस तोच होता, पण मला तो दिसत नव्हता. मी वचन देऊन बसले होते आणि ते पुरं करणं आता दुसऱ्याच माणसाच्या हातात होतं. असं माझं सहसा होत नाही, आणि आवडलं तर मुळीच नाही.

म्हैसूरला उतरल्यावर लक्षात आलं, छत्री गुऱ्हाळावर राहिली.

त्रयोदशी

छत्री मुद्दाम विसरलात का, असं मला परत आल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगते, विसरले. सुचलं असतं तर मुद्दामही विसरले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गल्लीच्या तोंडाशी केळी घेत होते. नंजनगूडची बुटकी रसबाळी, ती खाल्ल्यावर आपल्याकडच्या केळ्यांना केळी म्हणवत नाही. समोर शिवण्णा उभे होते. धुतलेला पांढरा सदरा, एका हातात माझी छत्री, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप.

"तुमची छत्री," ते म्हणाले.

"ढेप कोणाची?"

त्यांनी छत्री पुढे केली. मी छत्री घेतली आणि चालायला लागले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते परत गेले असते, असं मला वाटलं. निळ्या दाराशी आले तेव्हा पावलं मागे होती.

रुक्मक्कांनी त्यांना ओळखलं की नाही ते कळलं नाही. चष्म्याआडून नुसतं बघितलं, गूळ घेतला, देवापुढे ठेवला आणि सुमाला कॉफी करायला सांगितली. शिवण्णा फोटोकडे पाठ करून बसले. कॉफी आली. पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला, प्यायले नाहीत. मला बोलावंसं वाटत होतं. जन्मभर वर्गात शांतता झाली की मीच बोलत आले आहे. त्या दिवशी मोठ्या कष्टाने गप्प बसले.

शेवटी रुक्मक्का बोलल्या. सावकाश, मराठीतच, मलाही कळेल असं.

"तू तवा आला हुतास, तवा आई काही विचारली नाही. मी पण विचारत नाही. कुठं लागलं, किती वेळ हुता, काय म्हणाला, काही नको मला. ते तुझ्याजवळ ऱ्हाऊ दे." त्या जरा पुढे सरकल्या. "एवढंच सांग. आयुधानं गेला असेल आणि तू डोळ्यानं बघितला असशील, तर पान उद्याला. ठाऊक नसेल तर परवा, अमावास्येला, सगळ्यांच्या बरोबर. कधी वाढू?"

शिवण्णांनी पेला खाली ठेवला. मराठी त्यांना येत होतं, चांगलं येत होतं. पण उत्तर कानडीतच आलं.

"नाळे, अक्का."

उद्या.

रुक्मक्कांनी डोळे मिटले. मला मात्र रडू आवरलं नाही आणि ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. एवढी वर्षं जी गोष्ट पलटणीतल्या एकाही माणसाला धड सांगता आली नव्हती, ती त्या एका शब्दात सगळी सांगून झाली होती. मला पुस्तकासाठी आणखी काही विचारायचं उरलं नाही.

"आयितु," रुक्मक्का म्हणाल्या. झालं. मग पदराने चष्मा पुसला आणि आत हाक मारली, "सुमा, तांदळाचं पीठ काढ. निप्पट्टू करायचे हायत."

चतुर्दशी

निप्पट्टू म्हणजेच नामाचे ते कडक, चपटे वडे. तांदळाचं पीठ, शेंगदाणे, कढीपत्ता, मिरची. पलटणीतल्या आजोबांनी वर्णन केलेला वास सकाळी माझ्या खोलीपर्यंत आला.

बाकीचा स्वयंपाक थोडा आमच्यासारखा, थोडा तिथला. खीर, वडे, भोपळ्याची भाजी आमच्यासारखी. कोसंबरी, म्हणजे डाळीची कोशिंबीर, आणि चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, तिथलं. छपरावर पान ठेवताच कावळा आला आणि पहिला निप्पट्टू घेऊन गेला. आमच्याकडे कावळ्याची किती मनधरणी करावी लागते ते आठवून मला हसू आलं. "भूक लागली हुती त्याला," रुक्मक्का म्हणाल्या. सुमाने स्टुलावर चढून फोटोला हार घातला.

पितर म्हणून कोणाला तरी जेवायला बसवायचं असतं, गेलेल्याच्या जागी. साधारण त्याच्या वयाचा पुरुष बघतात, घरातला किंवा नात्यातला. शिवण्णा रात्री देवळात माझ्या शेजारच्या खोलीत राहिले होते आणि सकाळच्या बसने जाणार होते. रुक्मक्कांनी त्यांच्यासमोर पाट ठेवला.

"बस."

"मी कसा बसू, अक्का?" ते मागे सरकले. "मी तुमच्यातला न्हाई."

"आमचा नामा शेवटपर्यंत तुमच्यातच हुता की," त्या म्हणाल्या. "बस."

ते बसले. रुक्मक्कांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला गंध लावलं आणि स्वतः वाढायला घेतलं. दिसत नव्हतं तिथे हाताने चाचपत वाढत होत्या. खीर भातावर गेली, कोणी काही बोललं नाही. शिवण्णांनी निप्पट्टू मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

तेवढ्यात तोफ उडाली. खिडकीची काच हलली. शिवण्णांचा घास हातातच राहिला. मान खाली गेली, खांदे आवळले गेले, डावा हात जमिनीवर काहीतरी शोधायला लागला. मी उठणार होते. पण रुक्मक्का माझ्या आधी खाली वाकल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि पानात आणखी एक निप्पट्टू वाढला.

"आनेला ऐकवतेत रे," त्या म्हणाल्या. "काही नाही. जेव, नामा."

दुसरी तोफ उडाली तेव्हा शिवण्णा जेवत होते.